मोडेनाचा हट्टी कारागीर : एन्झो फेरारी

स्मरणिकेसाठी चरित्र लिहावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संत, राष्ट्रपुरुष, नाहीतर एखादी समाजसेविका उभी राहते. तशी चरित्रे आपल्या स्मरणिकेत येऊन गेली आहेत व पुढेही येतील. यंदा मी मात्र इटलीतल्या एका मोटार बनविणाऱ्या माणसाची हकीकत सांगणार आहे. मोटारींच्या शर्यतींशी आपला काय संबंध, असे काही भगिनी म्हणतील. माझेही शिक्षण सातवीपर्यंतचे, इंजिनाच्या पोटात काय चालते ते मला फारसे समजत नाही. पण या माणसाच्या चरित्रात यंत्रापेक्षा घरच जास्त आहे. आई, बाप, भाऊ, बायको, मुलगा आणि धंदा यांच्या ओढाताणीत त्याने एकच गोष्ट शेवटपर्यंत हातची सोडली नाही. तिच्यापायी त्याने अमेरिकेच्या बलाढ्य फोर्ड कंपनीशी वैर पत्करले. त्या हट्टाची किंमत किती पडली आणि ती कोणी कोणी भरली, हे आपण बायकांनी पाहण्यासारखे आहे.

एन्झो फेरारीचा जन्म 1898 सालच्या फेब्रुवारीत उत्तर इटलीतल्या मोडेना या गावी झाला. तो 18 तारखेला जन्मला. पण बाहेर इतके बर्फ पडले होते की नोंद करायला जाता आले नाही, म्हणून कागदावर 20 तारीख लागली, असे सांगतात. वडील आल्फ्रेदो यांचा लोखंडकामाचा कारखाना होता. रेल्वेसाठी पूल व छपरे तेथे तयार होत. आईचे नाव अदाल्जिसा. घर आणि कारखाना लागूनच, त्यामुळे घणाचे ठोके ऐकतच एन्झो व त्याचा थोरला भाऊ मोठे झाले. भावाचे नावही वडिलांचेच, आल्फ्रेदो. घरात त्याला दिनो म्हणत. हे दिनो नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

एन्झो दहा वर्षांचा असताना वडील दोन्ही मुलांना जवळच्या बोलोन्या शहरी मोटारींची शर्यत दाखवायला घेऊन गेले. ते 1908 साल होते. त्या दिवशी फेलीचे नात्सारो हा फियाट गाडीचा चालक पहिला आला. धुळीचे लोट उडवीत जाणाऱ्या त्या गाड्या पोराच्या मनात कायमच्या बसल्या.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि घराची घडी विस्कटली. 1916 या एकाच वर्षात वडील गेले आणि थोरला भाऊ दिनोही सैन्यात असताना आजाराने गेला. कर्ता पुरुष नाही, कारखाना बंद. आई आणि अठरा वर्षांचा एन्झो एवढेच मागे राहिले. 1917 साली त्यालाही सैन्यात बोलावणे आले. तेथे त्याच्या वाट्याला काम आले ते खेचरांच्या खुरांना नाल ठोकण्याचे. तेही फार दिवस जमले नाही. छातीच्या आजाराने तो मरता मरता वाचला आणि सैन्यातून मोकळा झाला.

1918 च्या हिवाळ्यात तो नोकरीसाठी तुरीन शहरी फियाट कंपनीच्या दारात गेला. युद्धावरून परतलेल्या सगळ्यांना द्यायला नोकऱ्या नाहीत, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. तो बाहेर पडला आणि वालेन्तिनो बागेत बर्फाने भरलेल्या बाकावर बसून रडला. खिशात पैसा नाही, पाठीशी बाप नाही, भाऊ नाही. तो नकार एन्झोने कधीच विसरला नाही. फियाटचे हे दारही लक्षात ठेवावे, कारण पन्नास वर्षांनी ते पुन्हा उघडले.

छोट्या नोकऱ्या करीत तो 1919 मध्ये स्वतः शर्यतीत गाडी चालवू लागला आणि 1920 मध्ये मिलानच्या आल्फा रोमिओ कंपनीत शिरला. चालक म्हणून तो चांगला होता, पण अलौकिक नव्हता. त्याचा खरा गुण वेगळा होता. कोणत्या माणसात काय आहे ते ओळखणे, चांगली माणसे गोळा करणे आणि त्यांच्याकडून काम काढून घेणे त्याला साधत असे. 1923 साली राव्हेन्नाजवळची एक शर्यत त्याने जिंकली. तेथे त्याची फ्रान्चेस्को बाराक्का या विमानवीराच्या वडिलांशी ओळख झाली. हा वीर महायुद्धात शत्रूची 34 विमाने पाडून 1918 मध्ये मारला गेला होता. त्याच्या विमानावर मागच्या पायांवर उभा असलेला काळा घोडा रंगविलेला असे. पुढे त्याच्या आईने ते चिन्ह शुभ म्हणून एन्झोला वापरायला सुचविले. एन्झोने मागे मोडेना गावाचा पिवळा रंग घातला. आज जगभर ओळखला जाणारा फेरारीचा घोडा हा असा मुलगा गमावलेल्या एका आईचा आशीर्वाद आहे.

त्याच वर्षी लौरा गारेल्लो हिच्याशी त्याचे लग्न झाले. 1929 मध्ये त्याने मोडेना येथे स्वतःचा शर्यतीचा संघ काढला. गाड्या आल्फा रोमिओच्या, तयारी व चालक फेरारीचे, अशी ती व्यवस्था होती. 1932 च्या जानेवारीत लौराला मुलगा झाला. गेलेल्या भावाचे व वडिलांचे नाव त्याला ठेवले, आल्फ्रेदो, म्हणजे पुन्हा दिनो. मूल होणार म्हणून एन्झोने स्वतः शर्यतीत गाडी चालविणे सोडून दिले. बाप झाल्यावर जिवावरचा खेळ खेळू नये एवढे त्याला समजत होते. दुसऱ्यांच्या मुलांना मात्र तो त्या खेळात उतरवीत राहिला. त्याच्या चरित्रातली ही गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

त्याच्या संघाचे नाव लवकरच झाले. 1935 मध्ये जर्मनीत, जर्मन लोकांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या संघाच्या जुन्या आल्फा गाडीत बसून ताझिओ नुव्होलारीने मर्सिडीज व ऑटो युनियन यांच्या नव्या दमाच्या गाड्यांना हरविले. परंतु पुढे आल्फा कंपनीने शर्यतीचा कारभार आपल्या हाती परत घेतला. एन्झो नोकर म्हणून राहिला आणि नोकराला वरिष्ठांचे ऐकावे लागते. ते त्याला सोसवेना. 1939 मध्ये तो बाहेर पडला. जाताना करारात एक कलम होते, की चार वर्षे फेरारी हे नाव शर्यतीत वापरावयाचे नाही. स्वतःच्या बापाचे नाव स्वतःला वापरता येऊ नये! कलमे नीट वाचावीत हे तो तेव्हाच शिकला असावा.

दुसऱ्या महायुद्धात त्याने यंत्रे बनविण्याचा कारखाना चालविला आणि 1943 मध्ये तो मोडेनाजवळच्या मारानेल्लो या खेड्यात हलविला. तेथे 1944 व 1945 साली बॉम्ब पडले. पडझड सावरून त्याने 1947 च्या मार्चमध्ये आपल्या नावाची पहिली गाडी फाटकाबाहेर काढली. लहानसे, पण बारा सिलिंडरांचे इंजिन. मे महिन्यात पहिल्याच शर्यतीत ती बंद पडली आणि दोन आठवड्यांनी रोममध्ये पहिली आली. 1951 च्या जुलैत इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे फेरारीच्या गाडीने प्रथमच आल्फा रोमिओला जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत हरविले. गोन्झालेझ नावाचा अर्जेंटिनाचा चालक होता. विजयाची बातमी ऐकून एन्झोला आनंदाबरोबर रडू आले. ज्या घरात आपण वाढलो त्या आईलाच आपण मारले, असे त्याला वाटले. सासरी गेलेल्या मुलीला माहेर सोडताना वाटते तसलेच काहीसे ते असावे.

धंदा वर चढत होता आणि घरात अंधार पडत होता. दिनोला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. या आजाराला डुशेन हे त्याचे वर्णन करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आहे. तो बहुधा मुलग्यांनाच होतो. आधी पायांची शक्ती जाते, मग हातांची, शेवटी श्वासाची. त्या काळी त्यावर काहीच उपाय नव्हता. एवढा यंत्रांचा जाणकार बाप. त्याने कागदावर तक्ते आखले, मुलाने रोज काय खाल्ले, किती शक्ती मिळाली, लक्षणे काय होती ते लिहून ठेवले. कोणते इंजिन कसे सुधारते हे जसे तक्त्यावरून समजते, तसा मुलगाही सुधारेल असे त्याला वाटले असावे. दिनो स्वतः यंत्रविद्या शिकलेला होता. अंथरुणावर पडूनही तो सहा सिलिंडरांच्या नव्या इंजिनाची चर्चा वडिलांशी व कारागिरांशी करीत असे. 30 जून 1956 रोजी तो गेला. वय फक्त चोवीस. ते इंजिन पुढे तयार झाले आणि त्याला दिनोचे नाव दिले गेले. एन्झो कितीतरी वर्षे रोज सकाळी आधी मुलाच्या थडग्यापाशी जाई आणि मग कामाला लागे. काळा चष्मा तो घरातही क्वचितच काढी.

इतरांच्या घरांतही रडणे होत होते. 1957 च्या मे महिन्यात इटलीच्या उघड्या रस्त्यांवरून हजार मैलांची शर्यत चालली असता एका खेड्याजवळ फेरारी गाडीचा टायर फुटला. चालक, त्याचा सोबती आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ लोक मेले. त्यांत पाच लहान मुले होती. एन्झोवर खटला झाला. 1961 मध्ये तो निर्दोष सुटला, आणि ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा कधी झाली नाही. 1957 आणि 1958 या दोन वर्षांत कास्तेलोत्ती, मुस्सो, कॉलिन्स असे त्याचे तरुण चालक एकामागून एक गेले. तेव्हा पोपच्या नगरीतल्या वृत्तपत्राने त्याची तुलना आपलीच मुले खाणाऱ्या शनिदेवाशी केली. रोमन लोकांच्या पुराणात तशी कथा आहे. ज्याने आपला मुलगा नुकताच मातीत ठेवला होता त्या बापाला हे किती लागले असेल! आणि तरीही, ज्या आयांची मुले गेली त्यांना ते लिहिणे चूक वाटले नसेल.

1961 च्या अखेरीस आणखी एक वादळ झाले. मुलगा गेल्यावर लौरा कारखान्यात येऊन बसू लागली होती, कारभारात लक्ष घालीत होती. आठ बड्या अधिकाऱ्यांनी वकिलामार्फत तिच्या वागण्याविरुद्ध पत्र दिले. एन्झोने आठही जणांना काढून टाकले. कारखाना खिळखिळा झाला, पण बाहेरच्या लोकांनी आपल्याला अटी घालाव्यात हे त्याने मानले नाही.

अशा वेळी 1963 साली अमेरिकेहून फोर्ड कंपनीची माणसे मारानेल्लोला आली. फोर्ड म्हणजे लाखो गाड्या बनविणारी कंपनी. फेरारीच्या गाड्या वर्षाकाठी काही शेच निघत. फोर्डच्या मालकांना, म्हणजे दुसऱ्या हेन्री फोर्डला, तरुण गिऱ्हाइकांसाठी शर्यतीतले नाव हवे होते आणि ते तयार मिळत असेल तर विकत घ्यावे असा विचार होता. एन्झोही पासष्टीला आलेला, मुलगा गेलेला, पैशांची चणचण. बोलणी बरीच पुढे गेली. रस्त्यावरच्या गाड्यांची कंपनी मुख्यतः फोर्डची आणि शर्यतीचा संघ मुख्यतः फेरारीचा, अशी वाटणी ठरली. मे महिन्यात करारपत्र समोर आले. एन्झो नेहमी जांभळ्या शाईने लिही. वाचता वाचता तो एका कलमापाशी थांबला. शर्यतीसाठी ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करावयाचा असेल तर फोर्डची परवानगी घ्यावी, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे कोणत्या शर्यतीत जावे आणि कोणत्या नाही याचा शेवटचा शब्द अमेरिकेत बसलेल्या साहेबाचा. एन्झोने त्या कलमाखाली रेघा ओढल्या आणि करार मोडून तो उठून गेला.

आपल्याकडे म्हण आहे, मोडेन पण वाकणार नाही. मोडेनाच्या या माणसाला ती तंतोतंत लागू पडते. घर चालविणाऱ्या बाईला ही गोष्ट चटकन समजेल. दागिना विकावा, शेत गहाण टाकावे, वेळ आली तर भांडीही मोडीत घालावीत. पण चुलीपाशी काय शिजवावे हे शेजारणीला विचारून ठरविण्याची पाळी येऊ नये, असे आपल्याला वाटतेच ना?

हेन्री फोर्डला मात्र हा अपमान झोंबला. विकत मिळत नाही तर हरवून दाखवू, असे त्याने ठरविले. रणांगण ठरले ले मान्स. फ्रान्समधल्या या गावी 1923 पासून चोवीस तासांची शर्यत होते. एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत गाडी चालवावयाची, चालक आळीपाळीने बदलावयाचे, रात्रभर दिवे लावून धावावयाचे. चोवीस तासांत ज्याचे अंतर जास्त तो पहिला. येथे नुसता वेग पुरत नाही. गाडी टिकावी लागते. 1960 पासून येथे दरवर्षी फेरारीच पहिला येत होता.

फोर्डने इंग्लंडमध्ये कारागीर लावून नवी गाडी बांधली. जमिनीपासून तिची उंची चाळीस इंच, म्हणजे आपल्या कमरेइतकीच, म्हणून तिचे नाव जीटी चाळीस पडले. 1964 मध्ये फोर्डच्या तीनही गाड्या बंद पडल्या आणि फेरारी पहिला, दुसरा, तिसरा आला. 1965 मध्ये फोर्डच्या सहा गाड्या आल्या, सहाही थांबल्या. पुन्हा फेरारीच. तेव्हा फोर्डने पैशाची थैली मोकळी सोडली. सात लिटरचे प्रचंड इंजिन कारखान्यात यंत्रावर ठेवून ले मान्सच्या शर्यतीसारखेच तासन् तास चालवून पाहिले. ब्रेक तापून निकामी होत, तर ते झटपट बदलण्याची सोय केली. 1966 च्या जूनमध्ये अशा आठ गाड्या उतरल्या. इकडे फेरारीचा उत्तम चालक जॉन सर्टीस संघाच्या व्यवस्थापकाशी भांडण होऊन शर्यतीच्या तोंडावर निघून गेला. फेरारीच्या पहिल्या फळीच्या सर्व गाड्या वाटेतच थांबल्या आणि फोर्डच्या तीन गाड्या ओळीने पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या.

त्या विजयालाही डाग लागलाच. तिघांनी मिळून छायाचित्रासाठी एकत्र यावे अशी वरून आज्ञा झाली. केन माइल्स हा फोर्डची गाडी घडविण्यात घाम गाळलेला चालक पुढे होता. तो मागच्यांसाठी थांबला आणि दुसरा ठरला, कारण मॅक्लेरन व एमन यांची गाडी सुरुवातीला त्याच्या मागून निघाली होती, म्हणून तिचे अंतर थोडे जास्त धरले गेले. दोनच महिन्यांनी नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स अपघातात गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ले मान्सच्या सरावात फोर्डचाच वॉल्ट हॅन्सगेन जखमी होऊन गेला होता. साहेबांच्या रागाचे बिल इकडेही मजुरांनीच भरले.

एन्झोने 1967 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, डेटोना येथे, फोर्डच्याच अंगणात त्याच्या तीन गाड्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणून परतफेड केली. त्याही शेवटी एका ओळीत आल्या. जूनमध्ये ले मान्सला पुन्हा फोर्डच जिंकला. 1968 व 1969 मध्येही फोर्डची गाडी पहिली आली. पुढची कितीतरी वर्षे फेरारीला तेथे एकूण पहिला क्रमांक मिळाला नाही. तो मिळाला एकदम 2023 साली.

मग एन्झो हरला काय? ले मान्सला हरला. पण ज्यासाठी भांडण झाले ती गोष्ट त्याने राखली. 1969 मध्ये पैशाची निकड असह्य झाली तेव्हा त्याने निम्मा हिस्सा विकला, आणि विकला कोणाला, तर ज्या दारातून 1918 साली तो रडत परतला होता त्याच फियाटला. अट एकच: शर्यतीचा कारभार मरेपर्यंत आपल्या हाती. फियाटने ती मानली. सहा वर्षांपूर्वी फोर्डने एवढेच मानले असते, तर कदाचित पुढचे सारे घडलेच नसते.

त्याच्या घराची एक बाजू लोकांना उशिरा समजली. लीना लार्दी हिच्यापासून त्याला 1945 साली पिएरो नावाचा मुलगा झाला होता. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो 1970 च्या अखेरीस झाला. 1978 मध्ये लौरा वारल्यावरच पिएरोला बापाचे नाव उघडपणे मिळाले. पुढे तो कंपनीचा उपाध्यक्ष झाला. लौराने एकुलता मुलगा गमावला आणि लीनाने आपला मुलगा इतकी वर्षे सावलीत वाढविला. मोठ्या माणसांच्या चरित्रांत या बायकांना दोन ओळीच मिळतात, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

एन्झो सहसा मोडेना सोडून जात नसे. विमानात बसत नसे, लिफ्टची त्याला भीती वाटे, आणि आपल्याच गाड्यांच्या शर्यती पाहायलाही तो जात नसे. 14 ऑगस्ट 1988 रोजी नव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी उरकल्यावरच जगाला कळविण्यात आले. त्या वर्षी सोळा जागतिक शर्यतींपैकी पंधरा मॅक्लेरन गाड्यांनी जिंकल्या. उरलेली एकच, तो गेल्यानंतर महिन्याच्या आत, त्याच्या देशातल्या मोन्झा येथे झाली. तीत फेरारी पहिला व दुसरा आला.

भगिनींनो, एन्झो फेरारीला देवमाणूस म्हणता येणार नाही. त्याच्या जिद्दीचे कौतुक करताना रस्त्याच्या कडेला मेलेली ती पाच मुले विसरता कामा नये. पण दिनोच्या नावाने मारानेल्लोला यंत्रविद्येची शाळा चालली आणि मिलान येथे स्नायूंच्या आजारांवर संशोधन करणारे केंद्र 1984 मध्ये उभे राहिले, हेही खरे. स्वतःचे मूल वाचले नाही, निदान दुसऱ्यांची वाचावीत, एवढे शहाणपण दुःखाने त्याला दिले. आपणही मुलांना जिद्द शिकवितो. ती शिकविताना, आपण कोणती गोष्ट विकणार नाही हे त्यांना ठरविता यावे, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या घरावर पडत नाही ना हेही त्यांनी पाहावे, एवढे मला या चरित्रावरून सांगावेसे वाटते.